खामगावचा कापूस आणि बँक ऑफ बॉम्बेचा भाग

वऱ्हाडच्या कापसाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या कापसाच्या पैशावर मुंबईत जी एक पेढी चढली आणि तीनच वर्षांत जमीनदोस्त झाली, तिच्या भागांचा, म्हणजे शेअरांचा, इतिहास मात्र आपल्या जिल्ह्यात कोणी फारसा सांगितलेला ऐकिवात नाही. वस्तुतः तो इतिहास मुंबईइतकाच खामगाव, शेगाव आणि मलकापूर यांचाही आहे. आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांत आज कोणत्या ना कोणत्या बँकेचे भाग आहेत. काहींनी ते हौसेने घेतले, काहींच्या नावावर ते कर्ज घेताना आपोआप चढले. अशा भागाची खरी किंमत काय आणि ती कशी ठरते, हा प्रश्न मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीची रक्कम कोठे गुंतवावी या चर्चेतही वारंवार निघतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी शंभर-दीडशे वर्षे मागे जाऊन पाहणे उपयोगी होईल असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

१८५३ सालच्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, तेव्हा आजचा बुलढाणा जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो पुढे १८६० नंतरच्या दशकात आकारास आला, आणि खामगाव व जळगाव जामोद हे तालुके तर १९०५ साली अकोल्यातून काढून त्यास जोडण्यात आले. तेव्हा ज्या काळाविषयी लिहीत आहोत त्या काळी खामगाव अकोला जिल्ह्यात होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पण बाजारास जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. घाटाखालची पूर्णाकाठची काळी जमीन आणि घाटावरचा मेहकर-चिखलीकडचा मुलूख, दोहोंचा कापूस खामगावच्या पेठेत येत असे. आगगाडी येण्यापूर्वी तो लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर लादून दूर मिर्झापूरपर्यंत जाई, आणि पुढे खानदेशातून घाट उतरून मुंबईस जाऊ लागला. वाटेत पावसाने भिजे, धुळीने मळे, आणि वजनात भर म्हणून त्यात माती मिसळण्याचा उद्योगही होई. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना म्हणूनच हिंदी कापसाचे नाव काढले की कपाळास आठ्या पडत. त्यांना अमेरिकेचा लांब धाग्याचा स्वच्छ कापूस हवा असे, आणि तो मुबलक मिळेही.

१८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली आणि लँकेशायरच्या चात्या थांबल्या. मग ज्याला आजवर नाके मुरडली त्याच हिंदी कापसाला लिव्हरपुलात सोन्याचे मोल आले. युद्धापूर्वी ज्या 'सुरती' कापसास पौंडाला चार-पाच पेन्स मिळत, त्याचाच भाव युद्धाच्या ऐन भरात चौपटीहून वर गेला. मुंबईत कापसाची खंडी ७८४ पौंडांची. त्या हिशेबाने एकेका खंडीमागे किती रुपये वाढले असतील याचा अदमास वाचकांनी स्वतःच घ्यावा. या पाच वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जास्त मुंबईच्या पदरात पडले, असा त्या काळच्या लेखकांचा हिशेब आहे. याच सुमारास आगगाडीचे रूळ भुसावळ ओलांडून वऱ्हाडात शिरले. थळ घाटातला मार्ग १८६५ च्या आरंभी खुला झाला आणि १८६७ साली गाडी नागपुरास पोहोचली.

या पैशातला काही भाग शेतकऱ्याच्या हातीही पडला. त्या दिवसांत कुणब्यांनी गाडीच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या, ही कथा वऱ्हाड-नागपुराकडे अजून सांगतात. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. पण ज्या घरात कधी रुपया साठला नाही तेथे तो एकदम आला म्हणजे त्याचे काय करावे हे कळत नाही, एवढा तिचा मथितार्थ खरा आहे. शेतकऱ्याने चांदी घेतली, लग्ने थाटाने केली, बैल घेतले. त्याच्यावरच्या अडत्याने आणि दलालाने दुसरे काही घेतले, आणि आपली गोष्ट तेथूनच सुरू होते.

मुंबईत त्या वेळी जी सर्वांत प्रतिष्ठित पेढी होती तिचे नाव बँक ऑफ बॉम्बे. तिची स्थापना १५ एप्रिल १८४० रोजी झाली. कलकत्त्याची बँक ऑफ बेंगाल तिच्याहून वडील, मद्रासची १८४३ ची म्हणून धाकटी. या तिघींस इलाखा बँका म्हणत. आरंभीचे भांडवल ५२ लक्ष २५ हजार रुपये, पैकी ३ लक्ष सरकारचे. संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी बसत, सरकारी खजिन्याचा व्यवहार तिच्याकडे असे, आणि १८६१ चा कागदी चलनाचा कायदा होईपर्यंत स्वतःच्या नोटा काढण्याचाही अधिकार तिला होता. फार मोठी नव्हे, फार लहान नव्हे, अशी ही मध्यम आकाराची पेढी होती. ठेवी घ्याव्यात, व्यापाऱ्यांच्या हुंड्या वटवाव्यात, मालाच्या तारणावर थोड्या मुदतीची कर्जे द्यावीत, हा तिचा धंदा. तिच्या सनदेत बंधने कडक होती: मुदत थोडी, एका माणसास द्यावयाच्या रकमेस मर्यादा, आणि जमिनीवर वा कंपन्यांच्या भागांवर कर्ज देण्यास मज्जाव. या बंधनांमुळे तिचा नफा बेताचा होता, आणि त्यांच्याचमुळे तिचा भाग घरात असणे म्हणजे सरकारी रोखा घरात असण्यासारखे मानले जाई.

येथे थोडे थांबून, बँकेच्या भागाची किंमत कशी काढतात ते सांगितले पाहिजे. एरवी पुढचा नाश का झाला हे उमगणार नाही. ज्यांना हा हिशेब अवगत आहे त्यांनी पुढील दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

समजा एका पेढीचे भांडवल १० लक्ष रुपये असून ते शंभर-शंभर रुपयांच्या १० हजार भागांत विभागले आहे. दर साल नफ्यातून राखून ठेवलेली गंगाजळी ५ लक्ष आहे. म्हणजे पेढीचा स्वतःचा पैसा १५ लक्ष, आणि एका भागाच्या वाट्यास १५० रुपये. भागाच्या कागदावर छापलेले १०० ही झाली दर्शनी किंमत. ताळेबंदावरून निघणारे १५० ही झाली पुस्तकी किंमत. आता पेढीस वर्षाकाठी दीड लक्ष नफा होत असेल तर भागामागे १५ रुपये पडतात, म्हणजे पुस्तकी किमतीवर शेकडा १०. बाजारात हा भाग ३०० रुपयांस विकला जात असेल, तर ३०० देणाऱ्यास १५ रुपयांची कमाई म्हणजे शेकडा ५ पडली. सरकारी रोख्यावर विनासायास शेकडा ५ मिळत असतील तर त्या गृहस्थाने पेढीचा सर्व धोका फुकट पत्करला असे म्हणावे लागेल. नफा पुढे वाढत जाईल अशी खात्री असेल तरच ३०० ची किंमत समर्थनीय ठरते. येवढ्या साध्या त्रैराशिकाने पुष्कळ कुटुंबांचे घरदार वाचले असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्या पेढीकडे लोकांच्या ठेवी समजा १ कोटी ३५ लक्ष आहेत. स्वतःचे १५ लक्ष धरून तिच्या हाती दीड कोटी आले, आणि पैकी १ कोटी तिने कर्जाऊ दिले. कर्जातील शंभरात दहा रुपये बुडाले तर १० लक्ष गेले. ठेवीदारांचे देणे तर एका पैनेही कमी होत नाही; म्हणून सारा तोटा त्या १५ लक्षांवर पडतो आणि ५ लक्ष उरतात. भागाची पुस्तकी किंमत १५० ची ५० झाली. शंभरात पंधरा बुडाले तर शून्य. कर्जे दहा-पंधरा टक्के बिघडली म्हणजे भाग पुरताच बुडतो, हे बँकेच्या भागाचे वैशिष्ट्य आहे, आणि शेत, घर किंवा गिरणी यांच्या मालकीहून ते सर्वस्वी वेगळे आहे. म्हणून बँकेच्या भागाची किंमत विचारणाराने नफा किती हे विचारण्याआधी कर्जे कोणास, कशाच्या तारणावर दिली हे विचारावयास हवे. दुर्दैवाने नफा ताळेबंदात ठळक अक्षरांत असतो, आणि कर्जे कशी आहेत हे चालकांनाच ठाऊक असते.

आता पुन्हा १८६३ सालाकडे वळू. मुंबईत पैसा मावेना. नवनव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या, कापूस दाबण्याच्या, जहाजांच्या, विम्याच्या. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका होत्या! बॅकबेचा समुद्र भरून काढणाऱ्या कंपनीचा ५ हजारांचा भाग ५० हजारांच्या घरात गेला. अशा वेळी बँक ऑफ बॉम्बेच्या चालकांनाही जुनी बंधने जाचू लागली. शेजारच्या कालच्या पेढ्या दुप्पट-तिप्पट नफा वाटत असता आम्हीच हात बांधून का बसावे, असा त्यांचा प्रश्न होता. १८६३ साली नवा कायदा होऊन भांडवल वाढविण्यास मुभा मिळाली आणि कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देण्याची वाटही मोकळी झाली. भांडवल वाढत वाढत २ कोटी ९ लक्षांस पोहोचले. ठेवी घेणारी पेढी आणि भागांच्या सट्ट्यास पैसा पुरविणारी पेढी, अशी तिची दोन रूपे एका छपराखाली नांदू लागली.

या सर्व उलाढालीच्या मध्यभागी शेठ प्रेमचंद रायचंद होते. १८३१ साली जन्मलेला हा गृहस्थ कापसाचा आणि भागांचा दलाल. त्याची बुद्धी असामान्य आणि राहणी साधी. कोणत्या कंपनीचे भाग कोणास द्यावेत हे तो ठरवी, आणि बँक ऑफ बॉम्बेच्या कचेरीत त्याच्या शिफारशीवर मोठमोठ्या रकमा कर्जाऊ जात. त्याला केवळ खलपुरुष ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्याच्याच देणगीतून उभा राहिला, आणि त्यास त्याच्या मातोश्रींचे नाव आहे. ज्यांनी त्याच्या शब्दावर लोकांच्या ठेवी मोजून दिल्या त्यांचा दोष माझ्या मते अधिक मोठा. दलाल आपला धंदा करतो. बँकेचा चिटणीस दुसऱ्याचा पैसा सांभाळावयास बसविलेला असतो.

या व्यवहारातील चक्र असे होते. भागाचा बाजारभाव हजार असेल तर त्यावर बँक पाचशे कर्ज देई. त्या पाचशेंत आणखी भाग घेतले जात, त्यामुळे भाव बाराशे होई. बाराशेंवर आणखी कर्ज मिळे. भाव वाढतो म्हणून कर्ज मिळते आणि कर्ज मिळते म्हणून भाव वाढतो. तारण म्हणून जे कागद तिजोरीत पडले होते त्यांची किंमत त्याच बँकेने दिलेल्या कर्जावर तरंगत होती. आपल्याकडील एखाद्या सावकाराने आपल्याच पैशाने घेतलेला बैल तारण ठेवून घ्यावा, आणि बैलाची किंमतही आपणच दर महिन्यास वाढवीत जावे, तसलाच हा प्रकार. या भरात बँक ऑफ बॉम्बेच्या स्वतःच्या भागाचा भाव २,८५० रुपयांपर्यंत चढला.

खामगावच्या व्यापाऱ्यास हे सारे दुरून दिसत असे, पण त्याचा संबंध दूरचा नव्हता. त्याचा कापूस मुंबईच्या अडत्याकडे जाई आणि बदल्यात हुंडी येई. तो अडत्या भागांच्या वायद्यात गुंतला असेल तर हुंडी वटेपर्यंत खामगावचा पैसा बॅकबेच्या चिखलात होता असेच म्हणावे लागेल. आपण सट्टा करीत नाही म्हणून निश्चिंत असणाऱ्या कित्येक सचोटीच्या पेढ्या, ज्याच्याशी व्यवहार होता तो सट्टा करीत असल्यामुळे, त्यात ओढल्या गेल्या. व्यापारात स्वतःचा सोवळेपणा पुरत नाही.

१८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली. ती वार्ता मुंबईस येताच कापूस गडगडला आणि त्याच्या मागोमाग भाग. अनेक मोठ्या वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजी भरावयाची होती. त्या दिवशी घेणाऱ्याजवळ पैसा नव्हता आणि देणाऱ्याजवळही काही नव्हते. एकामागून एक पेढ्या बसल्या. ज्या कागदांसाठी लोक रस्त्यात रांगा लावीत ते कागद रद्दी झाले. विलायतेत एक हिंदी बँक काढण्याच्या उद्देशाने गेलेले तरुण जमशेटजी टाटा असेच कवडीमोल कागद हाती घेऊन तेथे अडकून पडले. त्यांनी सावकारांपुढे सर्व हिशेब उघडे करून ठेवले म्हणून त्यांची पत राहिली. त्याच टाटांनी १८७७ साली नागपुरास एम्प्रेस गिरणी सुरू केली, आणि वऱ्हाडच्या कापसास घराजवळ गिऱ्हाईक मिळाले. परंतु तो विषय निराळा.

बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० चा भाग ८७ रुपयांस विकला जाऊ लागला. जुन्या हिशेबाने रुपयामागे जेमतेम अर्धा आणा उरला. १८६८ च्या आरंभी तिचा कारभार गुंडाळण्यात आला आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले. २ कोटी ९ लक्षांच्या भांडवलापैकी सुमारे १ कोटी ८९ लक्ष रुपये बुडाल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे भांडवलाच्या शंभर रुपयांत दहाही उरले नाहीत. वर सांगितलेले त्रैराशिक येथे लावून पाहावे. युद्ध संपले हे बँक बुडण्याचे कारण म्हणून सांगतात, आणि ते अर्धेच खरे आहे. बँक ऑफ बेंगालच्या दारावरूनही तेच वादळ गेले. पण भागांच्या तारणाचा मोह तिने या प्रमाणात केला नव्हता, म्हणून ती उभी राहिली.

त्याच वर्षी त्याच नावाने नवी बँक निघाली. १८७६ च्या कायद्याने इलाखा बँकांवर जुनी बंधने पुन्हा घालण्यात आली आणि सरकारने आपले भाग विकून टाकले. १९२१ साली तिन्ही इलाखा बँका मिळून इंपीरियल बँक झाली, आणि १ जुलै १९५५ रोजी तिचीच स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. खामगावास, मेहकरास किंवा चिखलीस स्टेट बँकेच्या दारात निवृत्तिवेतनासाठी उभ्या राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठ बांधवांनी हे कूळ जाणून असावे. खामगावचे म्हणाल तर सट्टा बुडाला तरी कापूस बुडाला नाही. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा फाटा खुला झाला, आणि हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या कापूस बाजारांत खामगावची गणना होत राहिली.

मधल्या काळातील बँकांच्या पडझडीचा सर्व वृत्तांत देण्याची ही जागा नव्हे. १९१३ ची पडझड, दोन महायुद्धांच्या काळात निघालेल्या आणि बुडालेल्या छोट्या बँका, हे सारे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आहे. वऱ्हाडाने मात्र १९६० साल विसरू नये. त्या वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँक बंद पडली, आणि काही महिन्यांतच केरळातील पलाई सेंट्रल बँक. या दोन घटनांनी सरकार जागे झाले. दुबळ्या बँका सबळ बँकांत विलीन करण्याचे अधिकार रिझर्व्ह बँकेस मिळाले आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. आरंभी ठेवीदारामागे १,५०० रुपयांपर्यंतच हमी होती. १९९३ साली ती १ लक्ष झाली आणि तेथेच सत्तावीस वर्षे थांबली. फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लक्ष आहे. सहकारी बँकांस हा विमा १९६८ च्या दुरुस्तीनंतर मिळू लागला. म्हणजे गावोगावच्या ठेवीदारास आज जे संरक्षण आहे त्याच्या पायात वऱ्हाडच्या एका बँकेच्या ठेवीदारांचे अश्रू आहेत.

या विम्याविषयी दोन गोष्टी आपल्या कुटुंबांत नीट समजलेल्या दिसत नाहीत. पहिली, विमा ठेवींस आहे, भागांस नाही. दुसरी, तो बँकांस आहे, पतसंस्थांस नाही. पतसंस्थेच्या दारावर 'अर्बन' वा 'मल्टिस्टेट' असे भारदस्त शब्द असले तरी तेथील ठेव या विम्याच्या छत्राखाली येत नाही. याचा अर्थ पतसंस्था वाईट असा मुळीच नव्हे. आपल्याच जिल्ह्यात १९८६ साली अवघे ७२ सभासद आणि १२ हजार रुपये भांडवल यांवर श्री. राधेश्याम चांडक यांनी सुरू केलेली बुलडाणा अर्बन पतसंस्था राज्याबाहेरही पसरली, आणि शेतमाल गोदामात ठेवून त्यावर कर्ज देण्याच्या पद्धतीने तिने पुष्कळ शेतकऱ्यांस पडत्या भावात माल विकण्यापासून वाचविले. पण ज्या संस्थेत पैसा ठेवायचा तिच्या चालकांची पारख ठेवीदारासच करावी लागते, येवढे या फरकावरून घ्यावे.

आता सहकारी बँकेच्या भागाकडे येतो. कारण आपल्यापैकी बहुतेकांकडे तोच भाग आहे. सहकारी बँकेतून तारणी कर्ज घेतले की रकमेच्या शेकडा अडीच आणि बिनतारणी घेतले की शेकडा पाच या प्रमाणात भाग घ्यावे लागतात, असा शिरस्ता आहे. दोन लक्षांचे बिनतारणी कर्ज घेणारा गृहस्थ दहा हजारांचा भागधारक होतो, आणि पुष्कळदा ते त्याच्या लक्षातही राहत नाही. या भागास बाजारभाव नसतो. गंगाजळी कितीही वाढली तरी शंभराचा भाग शंभराचाच. लाभांशही कायद्याने शेकडा पंधराच्या वर देता येत नाही. सभासदाचे मत एकच, मग त्याचा भाग एक असो वा हजार. थोडक्यात, संस्था भरभराटीस आली तर भागाची किंमत वाढत नाही, आणि बुडाली तर मात्र तो पुरताच बुडतो. हा सौदा गुंतवणूक म्हणून कोणीही शहाणा मनुष्य करणार नाही. तो करावयाचा तो कर्ज रास्त व्याजाने मिळते म्हणून, आणि वार्षिक सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो म्हणून. तो हक्क आपण वापरतो काय? सभेची नोटीस येते, अहवालाचे पुस्तक येते, आणि आपण अहवालाच्या कोऱ्या पानांवर मुलांस गणिते करावयास देतो.

आपल्या जिल्ह्याने याची किंमत अलीकडेच मोजली आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या परवान्याविना अडकून पडली, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने देशातील अशा २३ जिल्हा बँकांसाठी जी पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली तीत महाराष्ट्रातील नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन होत्या. पीककर्जासाठी जिच्यावर हजारो शेतकरी विसंबून, तिचीच ही स्थिती. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरात मलकापूर अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध येऊन ठेवीदारास फक्त १० हजार रुपये काढण्याची मुभा राहिली, आणि २०२३ च्या जुलैत तिचा परवाना रद्द झाला. विम्यामुळे लहान ठेवीदारांस आधार मिळाला. ज्यांनी निवृत्तीची सारी पुंजी, घर विकून आलेली रक्कम किंवा मुलीच्या लग्नाचा पैसा एकाच खात्यात पाच लक्षांच्या वर ठेवला होता, त्यांच्या वरच्या रकमेचा प्रश्न अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून राहिला. भागधारकाचा क्रम तर त्यांच्याही मागे, सर्वांत शेवटी.

हे सहकारातच घडते असेही कोणी समजू नये. बाजारात नोंदलेली, मुंबईच्या काचेच्या इमारतीतून चालणारी येस बँक घ्या. २००४ साली स्थापन झालेली ही खाजगी बँक घराघरांतून ठेवी घेई आणि बड्या कंपन्यांस कर्जेही देई. तिचा भाग २०१८ च्या ऑगस्टात ४०० रुपयांच्या आसपास होता. ५ मार्च २०२० रोजी निर्बंध आले तेव्हा त्याचे भाव दोन आकड्यांतही धड राहिले नाहीत. ठेवीदारांचा पैसा स्टेट बँकेच्या पुढाकाराने वाचला. पण भागधारकांचे नुकसान झाले, आणि अधिक व्याजाच्या आशेने तिचे विशिष्ट रोखे घेणाऱ्यांचे सुमारे ८,४१५ कोटी रुपये पुसले गेले. येथेही भाव चढत असताना लोक नफ्याचे आकडे वाचीत होते. कर्जे कोणास गेली हे नंतर कळले. १८६५ आणि २०२० यांत तारायंत्राऐवजी भ्रमणध्वनी आला, इतकाच फरक.

२०२० सालच्या बँकिंग कायद्याच्या दुरुस्तीने सहकारी बँकांच्या भागांविषयी दोन नव्या गोष्टी आणल्या आहेत, त्या भागधारक कुटुंबांनी जाणून घ्याव्यात. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने सहकारी बँकेस आता आपले भाग दर्शनी किमतीहून अधिक मोलाने विकता येतील. आणि भाग परत करून त्याचे पैसे मागण्याचा सभासदाचा हक्क आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पहिल्या तरतुदीने सहकारी भागासही कधीतरी बाजारासारखी किंमत येण्याचा दरवाजा किलकिला झाला. दुसरीने बाहेर पडण्याचा दरवाजा अरुंद झाला. उद्या एखाद्या बँकेने शंभराचा भाग दीडशेस देऊ केला तर तो घ्यावा की नाही, याचे उत्तर वरच्या उदाहरणातील हिशेबाने काढता येईल: गंगाजळी किती, थकीत कर्जे शेकडा किती, आणि त्यांच्यासाठी तरतूद किती केली आहे. हे तिन्ही आकडे वार्षिक अहवालात छापलेले असतात.

मंडळाच्या निधीबाबत माझे वैयक्तिक मत असे की तो शक्य तो दोन-तीन बँकांत वाटून ठेवावा, एका ठिकाणी पाच लक्षांच्या वर रक्कम जाऊ देऊ नये, आणि अर्धा-एक टक्का जास्त व्याजाचा मोह धरू नये. निर्णय अर्थातच कार्यकारिणीचा आहे, आणि तेथे भिन्न मतही आहे.

शेवटी एक विनंती. खामगाव, शेगाव, नांदुरा आणि मलकापूर येथील ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी जुन्या रोजमेळाच्या वह्या, खतावण्या, मुंबईच्या अडत्यांच्या हुंड्या किंवा बंद पडलेल्या बँकांचे भागपत्र माळ्यावर पडून असतील, त्यांनी ते रद्दीत न देता मंडळाच्या कार्यालयात पाहण्यास द्यावेत. नकला करून मूळ कागद परत केले जातील. लक्ष्मी बँकेच्या १९६० च्या सुमाराची पासबुके कोणाकडे असल्यास ती विशेष हवी आहेत.